नवव्या मजल्यावरची हवा

केंद्रेभाऊंनी मला त्यांचं घर पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा तिथे नुसती हवा होती. मोशीत एका बांधकामासमोर त्यांनी मोटारसायकल उभी केली, मला खाली उतरवलं, हनुवटीला हात लावून माझी मान वर केली आणि बोट दाखवलं. इमारत जेमतेम चौथ्या मजल्यापर्यंत आली होती. बोट त्याच्या बरंच वर होतं.

"त्यो मपला हॉल," भाऊ म्हणाले. "जरा डावीकडं बगा. किचन. आन आता कावळा गेला का न्हाई, त्यो सरळ मपल्या बेडरूममधून गेला."

मी "हवेशीर आहे" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? भाऊ इतके खूष झाले की परत येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला.

केंद्रेभाऊ मूळचे बीडकडचे. आयटीआय करून चाकणला आले आणि एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर झाले. त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये मी आहे. दिघीत आम्ही समोरासमोरच्या खोल्यांत भाड्याने राहतो. म्हणजे कंपनीत भाऊ, कंपनीच्या बसमध्ये भाऊ आणि दार उघडलं की भाऊच. मशीनवरून निघालेला पहिला पार्ट ते मोजून पाहतात आणि "फर्स्ट पीस ओके" म्हणतात, त्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. केसाएवढा फरक असला तरी पार्ट रिजेक्ट. मग सुपरवायझर हात जोडो नाहीतर मॅनेजर डोळे वटारो.

ही सवय त्यांच्याबरोबर घरीही येते. सुमनवहिनींची पहिली भाकरी ताटात पडली की भाऊ ती उलटीसुलटी करून बघतात आणि मग म्हणतात, "फर्स्ट पीस ओके." त्यानंतरच वहिनी दुसरी थापतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी पहिलीच जिलबी रिजेक्ट केली होती आणि आचाऱ्याला बोलावून पाकावर भाषण दिलं होतं. आचारी बिचारा अजून मला त्याबद्दल विचारतो.

तर अशा या चोख माणसाने, घर हवेत असतानाच, घराचं सामान घ्यायला सुरुवात केली. सगळं हप्त्यावर. आधी एक सोफा-कम-बेड आला. तो त्यांच्या खोलीत जेमतेम मावला, आणि नवराबायको त्याच्या कडेने जमिनीवर झोपू लागले, कारण त्याचं प्लास्टिक काढायचं नव्हतं. मग वॉशिंग मशीन आलं, ते आमच्याकडे. त्यावर माझ्या बायकोने टीव्ही ठेवला. मग डायनिंग टेबल आलं. त्याचा वरचा भाग आमच्या दाराआड उभा राहिला, त्यामुळे दार अर्धंच उघडायचं आणि आम्ही आमच्याच घरात आडवे होऊन शिरायचो. टेबलाच्या खुर्च्या जिन्यात होत्या. दोन माणसांना आठ खुर्च्या कशाला, ते मला कळेना.

"भाऊ, आधी घर तर होऊ द्या," मी एकदा म्हणालो.

"तुमाला न्हाई कळायचं," भाऊ म्हणाले. "ह्यानं पत वाढती."

कर्ज काढून पत वाढते हे मला नवीन होतं. पण भाऊ मोजूनमापून बोलणारे, आणि मला पैशातलं फारसं कळत नाही, म्हणून मी मान डोलावली. वाढत असेल बुवा, असं वाटलं.

इमारत वर चढत गेली. एकेक स्लॅब पडायचा, बँक त्याप्रमाणे बिल्डरला एकेक टप्पा द्यायची आणि भाऊ बिल्डिंगसमोर नारळ फोडून आम्हाला खोबरं आणून द्यायचे. असं ठीक चाललं होतं. नववा स्लॅब पडला, भाऊंच्या हवेला अखेर खाली जमीन आली, आणि नेमका तेव्हाच बँकेने हात आखडला. तुमची इतर कर्जं फार झालीत, ती मिटवल्याशिवाय पुढचा टप्पा सुटणार नाही, असं कळवलं. बिल्डरचं पत्र त्यापाठोपाठ आलं. महिन्याभरात पैसे आले नाहीत तर बुकिंग रद्द.

भाऊ मला घेऊन बँकेत गेले. मी सोबत असलो की धीर येतो म्हणे. टेबलापलीकडे एक तरुण मॅडम होत्या.

"सर, होम लोन चालू असताना तुम्ही एवढी लोन्स का घेतली?" त्यांनी विचारलं.

"स्कोअर वाढवायला," भाऊ म्हणाले.

मॅडमनी समोरचा कागद पुन्हा एकदा वाचला.

"असं बगा मॅडम," भाऊ समजावू लागले, "तुमचाच एजंट म्हणला, हप्ते वेळेवर भरा, स्कोअर वर जातो. आमच्या कंपनीत ज्या व्हेंडरचे जास्त पार्ट पास व्हतेत, त्याचं रेटिंग वर जातं. एका हप्त्याचा एक पार्ट धरा. मी चार ठिकाणचे पार्ट पास केले, एक बी रिजेक्ट न्हाई. मग मपलं रेटिंग खाली कामून?"

मॅडम पाणी प्यायल्या. मग पगार, हप्ते, हप्ते जाऊन उरणारा पगार, सगळं नीट सांगितलं. त्या बोलत होत्या तेव्हा मला त्यांचं पटलं. भाऊ पुन्हा बोलले तेव्हा भाऊंचं पटलं. शेवटी एजंटचंही बरोबर वाटायला लागलं, आणि तिघंही बरोबर असतील तर घर का जातंय हे मला काही केल्या समजेना. बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसले.

"मी एक बी हप्ता चुकवला न्हाई हो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता.

मग आवराआवर सुरू झाली. टेबल-खुर्च्या तळवड्याच्या एका मेसवाल्याने नेल्या आणि आमचं दार पूर्ण उघडलं. वॉशिंग मशीन गेलं, टीव्ही परत स्टुलावर आला. जे विकलं त्याचं कर्ज फेडलं, कमी पडलं तिथे वहिनींची भिशी आली. राहिला सोफा-कम-बेड. तो भाऊ विकेनात. गिऱ्हाईक दारात आलं, तर त्याला यांनी चहा पाजून परत पाठवलं.

"अहो, एका सोफ्यापायी घर घालवणार का?" मी चिडून विचारलं.

भाऊ सोफ्याचं प्लास्टिक नीट करू लागले. वहिनीच बोलल्या. "त्यो दादांचा हाय."

दादा म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ. वडलांमागे त्यांनीच भाऊंना शिकवलं, चाकणला येताना गाडीभाडं दिलं. भाऊ-वहिनी आधी भोसरीत भाड्याने राहायचे तेव्हा दादा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी घरमालक दारात येऊन वहिनींना म्हणाला, "पाहुणे किती दिवस हायेत? टाकी दुपारीच रिकामी व्हती." दादा आत पडून होते. त्यांनी ऐकलं. डोळ्यावरची पट्टी तशीच ठेवून ते दुपारच्या गाडीने गावी गेले, जाताना अंघोळसुद्धा केली नाही. त्यानंतर कितीदा बोलावलं, तरी त्यांचं एकच. तुझं स्वतःचं घर होऊ दे, मग सगळ्यांना घेऊन येतो.

मला एकदम आठ खुर्च्यांचा हिशोब लागला आणि मी खोटंखोटं खोकत खिडकीशी गेलो. फार वाईट वाटलं.

भाऊंनी मोटारसायकल विकली आणि सोफ्याचं कर्ज मिटवलं. बँकेने पैसे सोडले. बुकिंग वाचलं.

परवा रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून भाऊ मला साइटवर घेऊन गेले. या वेळी मान वर करायची नव्हती, नऊ मजले चढायचे होते. भिंती झाल्या होत्या, प्लास्टर नव्हतं. चावी मिळायला अजून बराच अवकाश आहे. भाऊंनी हॉल दाखवला, सोफ्याची जागा दाखवली आणि मग बाथरूममध्ये नेलं. भिंतीतून नळाच्या पाइपचं टोक बाहेर आलं होतं. भाऊंनी ते रुमालाने पुसलं आणि फोन लावला.

"दादा, मपल्या घरात उभा हाय. पाइप आला पाण्याचा." मग पलीकडचा प्रश्न ऐकून म्हणाले, "येतंय की. लई येतंय. दिवसभर येतंय."

पाइप कोरडा ठणठणीत होता. त्यात सिमेंट भरलं होतं. केसाएवढ्या फरकाला पार्ट रिजेक्ट करणारा हा माणूस त्या टोकावर हात ठेवून उभा होता आणि त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

फोन बराच वेळ कानाला होता. मग भाऊंनी तो खिशात टाकला आणि बाहीने डोळे पुसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"इचारतेत," भाऊ म्हणाले, "येताना टॉवेल आणू का?"