अढळपद, बी ब्लॉक

ध्रुवतारा कुठं आहे, हे मला विचारा. अमावास्येला विचारा, झोपेतून उठवून विचारा, मी बोट दाखवीन आणि ते बोट चुकणार नाही! आमच्या तारनाक्याच्या सोसायटीत हे वाक्य मी उच्चारलं की लोक तोंडाला रुमाल लावतात. लावोत! घडलं ते सगळं सांगते. माझं काय चुकलं ते मग तुम्हीच ठरवा.

मुळात भांडण ताऱ्यांचं नव्हतंच, कीर्तनाचं होतं. मला कीर्तनाचं वेड आहे. पेटीचा सूर लागला, बुवांनी चिपळ्या वाजवल्या, की माझी कंबरदुखी कुठं जाते ते कंबरेलाही कळत नाही. आमचं मंडळ दर माघात कीर्तन ठेवतं. पण गेल्या माघात हॉलमध्ये माणसांपेक्षा सतरंज्या जास्त होत्या. तबलजी बिचारा समेवर येऊन मान वर करी, तर दाद द्यायला समोर एक मी आणि दुसरा पंखा!

मंडळाचे खजिनदार नामदेवराव. बी ब्लॉकमध्ये राहतात, रेल्वेत इलेक्ट्रिकलला होते. ज्या गोष्टीला वायर नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. सभेत उठून म्हणाले, "यंदा कीर्तन नको. कराओके ठेवू. तरुण मंडळी येतील."

"तरुण मंडळी कीर्तनालाही येतील!" मी उठले.

"कशाला येतील, रेणुकाताई?"

"ध्रुव बघायला!"

हे माझं मलाच नवीन होतं. पण सुटलेला शब्द आणि उतू गेलेलं दूध, परत घेता येत नाही. पुसत बसण्यापेक्षा मी गॅस मोठा केला. "नांदेडचे दत्तोबाबुवा ध्रुवाचं आख्यान लावणार आणि मध्यंतरात मी सगळ्यांना आमच्या गच्चीवर दुर्बिणीतून साक्षात ध्रुव दाखवणार. हॉल भरला नाही तर कराओकेचं पहिलं गाणं मी म्हणेन आणि पुन्हा कीर्तनाचं नाव काढणार नाही!"

सभा शहारली. माझा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे.

दुर्बीण आमच्या घरात होती, पण आमच्या ह्यांच्या पायाखाली. निरोपाच्या भाषणात हे "आता निवांत तारे बघेन" असं बोलून गेले, तर ऑफिसच्या लोकांनी तेवढंच ऐकलं आणि भेट दिली. तेव्हापासून हे त्या खोक्यावर पाय ठेवून पेपर बघतात.

"अहो, पाय काढा."

"का? फरशी पुसायचीय?"

"ध्रुव शोधायचाय."

"हरवलाय का?"

असल्या माणसाबरोबर मी चौतीस वर्षं काढली आहेत, दुर्बीण काय चीज आहे! खोकं उघडलं, नळी तिपाईवर चढवली आणि आधी पूजा मांडली. पुजल्याशिवाय मी घरात मिक्सरसुद्धा लावत नाही. हळद, कुंकू, अक्षता. कुंकवाचं बोट मी थेट पुढच्या काचेवर टेकवलं तेव्हा हे पेपर टाकून ओरडले. पुसलं लगेच, पण कुंकू ते! पुढचे आठ दिवस चंद्र मला नव्या नवरीसारखा लाजलेला दिसत होता.

शास्त्र शिकवायला ईशा होती. आमच्याच मजल्यावर राहते, मूळची पुण्याची, आयटीतली. तिच्याकडे मोठा कॅमेरा आणि यूट्यूबवरचं सगळं ज्ञान.

"मावशी, पोलारिस एकदम इझी आहे. आपलं लॅटिट्यूड सतरा, सो नॉर्थला सतरा डिग्री वर."

"मराठीत सांग."

"उत्तरेला तोंड करा, हात सरळ धरा आणि खालून पावणेदोन मुठी मोजा."

मोजल्या. आणि तिथं तो होता! समोरच्या बी ब्लॉकच्या काळ्याशार माथ्यावर, पांढराशुभ्र, ठसठशीत! शहराच्या उजेडानं बाकीचं आकाश पातळ ताकासारखं झालेलं, दुसरा तारा औषधालाही नाही. हा मात्र राजासारखा बसलेला. मी तिथंच हात जोडले. दुर्बिणीतून बघितला तर काय सांगू, चांगला लाडवाएवढा!

ईशानं डोळा लावला आणि कपाळाला आठी घातली. "मावशी, स्टार्स टेलिस्कोपमधूनही डॉटसारखेच दिसतात म्हणे. हा इतका बिग कसा?"

"ज्यांना ठिपका दिसतो त्यांची दुर्बीण पुजलेली नसेल!"

वाळत घातलेले कपडे काढायला आमच्या शेजारच्या जमीला आपा वर आल्या. त्यांनीही बघितलं. ईदचा चंद्र हुडकण्यात त्यांची नजर तयार.

"भाभी, हिलता नै बोलके मान लिए. पन टिमटिमाता बी नै!"

"भक्त का चित्त है आपा, कायकू लुकलुक करेगा?"

"हौ, वो बी सही है," म्हणाल्या, पण टोपली घेऊन जाताना दोनदा मागं वळून बघत गेल्या.

शंका काढणाऱ्यांची मला पर्वा नव्हती, कारण मी परीक्षा घेतली होती. ध्रुवाची खूण काय? अढळपद! मी तो सातला बघितला, नऊला बघितला, चतुर्थीला चंद्रोदयाची वाट बघताना बघितला. चंद्र सरकला, ढग सरकले, विमानं गेली, हा ढिम्म! फक्त एका एकादशीला तो दिसला नाही. "ढग असतील," मी म्हटलं. "आकाश स्वच्छ आहे," हे म्हणाले. "मग त्याचाही उपवास असेल," असं सांगून मी तो विषय बंद केला.

ईशानं त्याचा फोटो काढला, शटर चांगलं बराच वेळ उघडं ठेवून. फोटोत तो लाडवाचा पराती‌एवढा झाला. मी तो आबिड्सच्या बाजारात नेऊन त्याचा फ्लेक्स करून घेतला: "कीर्तनात साक्षात ध्रुवदर्शन!" फ्लेक्सवाल्यानं फोटो बघून विचारलं, "अम्मा, एलईडी बल्ब का ऍड है क्या?" त्याला मी कीर्तनाचं आमंत्रण दिलं नाही.

बाकी सगळ्यांना दिलं. फ्लेक्सचा फोटो पलीकडच्या नल्लकुंटा वस्तीतल्या हळदीकुंकवापासून ईशाच्या ऑफिसच्या ग्रुपपर्यंत फिरला. आणि कीर्तनाच्या दिवशी, अहो, बी ब्लॉकच्या तळमजल्यावरचा तो हॉल दाराबाहेर सांडला! सतरंज्या कमी पडल्या. आयटीची पोरं पाठीवर लॅपटॉप घेऊन मांडी घालून बसली. नामदेवराव दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाकडे, पाहुणा चुकीच्या लग्नाला आलाय अशा नजरेनं बघत होते.

पोरं ऑफिसातून उपाशी येणार म्हणून कीर्तनाआधी मी पिठलं-भात ठेवला होता. त्यावरूनही खटका उडाला होताच.

"कागदी प्लेटा आणा, रेणुकाताई. बी ब्लॉकची टाकी एवढ्या भांड्यांना पुरायची नाही."

"प्रसादाला कागद दाखवायचा? स्टीलची ताटं! आणि तुमच्या टाकीला म्हणावं, एक दिवस पुण्य कर!"

ताटं उठली, मागच्या अंगणात तिन्ही नळ सोडून घासायला पडली आणि हॉलमध्ये दत्तोबाबुवा उभे राहिले. पूर्वरंग असा रंगला की लॅपटॉपवाले टाळ्यांचा ठेका धरायला लागले. मध्यंतरात बुवांना हार घातला, बुक्का लागला आणि मी माईक घेतला. "आता सर्वांनी ए ब्लॉकच्या गच्चीवर चलावं!"

गच्चीवर रांग लागली. मी दुर्बिणीशेजारी, पुजाऱ्यासारखी. "पुढं चला, डोळा लावा, नळीला धक्का नको, पुढं चला!" एका आजींनी तिपाईला फूल वाहिलं. एकीनं बाळाला उचलून दाखवलं. "किती तेज आहे हो!" "डोळे दिपले!" "मनात धरलं ते मागावं का?" मी म्हटलं, "मागा!" विठ्ठलाचा गजर सुरू झाला. माझ्या अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. कीर्तन वाचलं होतं!

सगळ्यात शेवटी नामदेवराव आले. गुडघे धरत, नाक मुरडत. "बघू तरी काय दाखवता," म्हणत वाकले, डोळा लावला.

आणि ध्रुव विझला!

विझला म्हणजे फट्कन. गजर अर्ध्यावर थांबला.

"भाभी, तारा गुल!" जमीला आपा.

दुसऱ्या एखादीनं हाय खाल्ली असती. मी? माझ्या अंगात वीरश्री संचारली! माईक खाली राहिला होता, पण माझ्या आवाजाला त्याची गरज नाही. "बघा! सगळ्यांनी डोळे उघडून बघा! जो माणूस कीर्तन बंद पाडायला निघाला, त्याला ध्रुवानं दर्शन नाकारलं! आता तरी हात जोडा, नामदेवराव, तो तुमच्यामुळं गेलाय!"

दोन बायकांनी पोरांना नामदेवरावांपासून लांब ओढलं. त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. आधी घाबरलेले दिसले. मग त्यांनी उघड्या डोळ्यांनी बी ब्लॉककडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"रेणुकाताई," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "टाकी रिकामी झाली."

"काय?"

"तो माझा दिवा आहे. दिवाळीत बसवलाय. टाकीत पाणी असलं की लागतो, पाणी संपलं की विझतो. वॉचमनला गेटवरून दिसावा म्हणून टाकीच्या पोटालाच ठोकलाय." आणि कठड्यावरून वाकून खाली ओरडले, "अरे, मोटर लावा! ताटांनी टाकी खाल्ली!"

खाली घरघर झाली. सगळी गच्ची बी ब्लॉककडे बघत राहिली. थोड्या वेळानं ध्रुव पुन्हा उगवला, आणि काय सांगू, सवयीनं चार जणांनी हात जोडले!

मग हसू फुटलं. आयटीची पोरं पोट धरून खाली बसली. वॉचमनला त्या दिव्याचं ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं. विचारलं कुणी होतं? आणि ती एकादशी! त्या दिवशी बी ब्लॉकनं टँकर मागवला होता, हे आमच्या ह्यांना नेमकं तिथंच आठवलं. "बरोबर, ढग नव्हतेच," म्हणाले.

लोक जिन्याकडे वळले. नामदेवराव हात चोळत म्हणाले, "चला, कराओकेची तारीख ठरवू." बुवा नांदेडहून आलेले, गळ्यात हार तसाच, आख्यान अजून सुरूही झालेलं नाही, आणि माणसं चालली! हसायचं तर मला हसा हो, त्या कथेनं कुणाचं काय केलंय?

"थांबा!" मी जिन्याच्या दारात आडवी उभी राहिले. "माझी मूठ चुकलेली नाही! उत्तर तीच, उंची तीच! ईशा, बघ तुझ्या मोबाईलमध्ये!"

ईशानं मोबाईल बी ब्लॉककडे धरला. आधी पुटपुटली, मग किंचाळली, "मावशी! अँगल करेक्ट आहे! पोलारिस एक्झॅक्टली टाकीच्या मागे आहे! सगळे इकडे सरका, लेफ्टला, कोपऱ्यात!"

सगळी गच्ची डाव्या कोपऱ्यात सरकली. आणि टाकीच्या कडेला, त्या दिव्याच्या भपक्यातून हातानं आडोसा करून बघावं तेव्हा, एक मिणमिणता ठिपका दिसला. तांदळाच्या कणीएवढा.

"एवढासाच?" कुणीतरी म्हणालं.

"एवढासाच!" मागून आवाज आला. दत्तोबाबुवा जिन्यातून वर आले होते, चिपळ्या हातात. "बापाच्या मांडीवरून ढकललेलं पोर ते, केवढं असणार? तेव्हा सावत्र आईनं ढकललं, आज टाकीनं ढकललंय. पण बघा बरं, जागचं हललंय का?"

आणि तिथंच, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली, बुवांनी आख्यान लावलं. पेटी वर आली, तबला वर आला. सुनीतीनं पोराचे डोळे पुसले तेव्हा एका लॅपटॉपवाल्यानं आपले पुसले. ध्रुव वनाला निघाला. एकही माणूस उठला नाही. जमीला आपा तर पाण्याच्या पाईपवर बसून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

फक्त नामदेवराव मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पैज हॉल भरायची होती. हॉल आत्ता रिकामा आहे."

"गच्चीला छत घाला, हॉल होईल!" मी म्हटलं. "आणि गप्प बसा, राज्याभिषेक चाललाय!"

कीर्तन टिकलं. पुढच्या माघाचं मंडळानं एकमतानं ठरवलं. एकमतानं म्हणजे नामदेवराव धरून, कारण प्रसादाचा पेढा घेऊन निघालेले लोक त्यांच्याभोवती घोळका करून उभे होते. मला वाटलं, टोमणे मारत असतील. जवळ जाऊन ऐकलं तर नल्लकुंट्याच्या दोघी विचारत होत्या, "आमच्या टाकीवरही असा ध्रुव बसवून द्याल का?"

आता आजूबाजूला सात-आठ ध्रुव झालेत. आमच्या ए ब्लॉकवरही एक बसवलाय, मीच ठराव मांडला. खऱ्या ध्रुवाला मी रोज कोपऱ्यात जाऊन, आडोसा करून, नीट बघते. माझी मूठ चुकली नव्हती, हे पुन्हा एकदा सांगून ठेवते!

पण संध्याकाळी आमच्या टाकीवरचा तो लागला, की काय करू, हात आधी त्यालाच जोडले जातात. आणि विझलेला दिसला, तर मी कुणाचंही पाप काढत नाही. गुपचूप खाली जाते आणि मोटर लावते.