गुलाबवहिनींची डावी बाही

गुलाबवहिनींच्या ब्लाउजचं माप माझ्या वहीत असं लिहिलंय: उजव्या बाहीचा घेर अकरा, डाव्या बाहीचा सोळा. चूक नाही. तीन वेळा टेप लावलीय. आणि सोळाची बाही घातल्यावरही वहिनी म्हणतात, "डावी जरा आणखी सैल कर गो."

ठाण्यात बाळकुमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं तीन मजली घर. शेतं गेली, टॉवर आले, पण वहिनींचा आवाज अजून शेताच्या बांधावरचाच. मी बायकांचे कपडे शिवते, चार माणसांत तोंड उघडत नाही. मला त्या "मास्तर" म्हणतात. लांबूनच हाक येते, "काय गो मास्तर, जिवंत हायस ना?"

वहिनी पूर्वी दारातून आडव्या होऊन यायच्या. मग शुगर वाढली, वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षांत त्या निम्म्या उरल्या. कातडं मात्र तेवढंच राहिलं. पोटावर, दंडांवर लोंबायचं, उशी काढून घेतलेल्या अभ्र्यासारखं. मग ते जादाचं कातडं काढायचं ठरलं. आधी पोटाचं, काही महिन्यांनी दंडांचं.

पोटाचं झाल्यावर मी बघायला गेले. बूड टेकायच्या आत वहिनींनी साडी खाली सरकवली. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत लाल रेघ. "हा घोडबंदर रोड. आणि ही बेंबी. माल तोच, फिटिंग नवीन!" येईल त्याला चहाच्या आधी बेंबी दाखवायच्या. वर मला टोमणा, "डॉक्टरचे टाके बघ किती बारीक. शिक काहीतरी."

मग दंडाची पाळी. काखेपासून कोपरापर्यंत नवी रेघ आली, तिचं नाव माजिवड्याचा पूल. पण पूल उजव्याच हाताला. डावा तसाच लोंबता.

का, म्हणून सगळी गल्ली विचारायची आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. मासेवालीला, "ऑफर एकाच हातावर होती." शेजारच्या शाळेतल्या बाईंना, "डॉक्टर मधेच जेवायला गेला, परत आलाच नाही." भाचीला, "लोक आधीचा फोटो ठेवतात, मी आधीचा हातच ठेवला."

हे सगळं ठीक होतं. पण भाचीच्या हळदीला एका पाहुणीनं त्या गोणपाटासारख्या डाव्या बाहीकडे टक लावली, तेव्हा वहिनींनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "ह्या मास्तरनं बिघडवली!"

मांडव हसला. दोन दिवसांत दोघीजणी शिवायला दिलेली कापडं परत घेऊन गेल्या.

मी रात्रभर एक वाक्य पाठ केलं, 'वहिनी, माझ्या हाताचं नाव खराब करू नका,' आणि दुपारी त्यांच्या दारात उभी राहिले.

आत खाटेवर त्यांची सासू होती. नव्वदीची म्हातारी, डोळे गेलेले, कानही गेलेले. दोघींचं भांडण गल्लीला पाठ. वहिनी कालवणात भाकरी कुस्करून घास पुढे करत होत्या. म्हातारीनं चाचपडत त्यांचा उजवा दंड धरला आणि झटकून टाकला.

"कोन हाय ही? माझी गुलाब कुठं?" तोंड गच्च मिटलं.

वहिनींनी ताट ठेवलं, वळून बसल्या आणि डावा दंड पुढे केला. म्हातारीचा हात बाहीत शिरला. लोंबतं कातडं तिनं मुठीत धरलं, कणीक मळावी तसं मळलं.

"आली म्हैस," म्हातारी म्हणाली आणि तिनं आ केला.

वहिनींनी मला पाहिलं. पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या. "पोटाचं झालं तेव्हा उठताना हिनं माझी कंबर धरली. घरात चोर शिरली म्हणून बोंबलली. दोन दिवस जेवली नाय. मग दंड हाताला लागला, तेव्हा कुठं घास घेतला. डॉक्टर म्हणतो, दोन हात दोन तऱ्हेचे वाईट दिसतील. म्हटलं, दिसू दे." पुढचा घास भरवला. "चाळीस वर्षं म्हैस म्हणत आली मेली. आता म्हैस नाय सापडली तर उपाशी मरंल." मग एकदम डोळे वटारले, "कुनाला बोलू नको हां! लोक म्हणतील, गुलाब सासूला भिते."

मी पाण्याचा पेला भरून वहिनींच्या हाताशी ठेवला.

पुढचा ब्लाउज मी न सांगता अर्धा इंच आणखी सैल कापला आणि डाव्या बाहीची शिवण आतून मऊ पट्टीनं झाकली. म्हातारीची बोटं भेगाळलेली आहेत, शिवण टोचायला नको.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. कापड देता देता बाई थांबली. "गुलाबची ती बाही तुम्हीच बिघडवली ना?"

सुईत दोरा ओवता ओवता मी म्हटलं, "हो. माझ्याच हातून."