व्यंकटरावांचं नाक मोकळं झालं

"या घरात भूत असेल तर दाखवा मला, मी स्वतः त्याला चहा पाजतो!" व्यंकटराव पडेगावच्या नव्या घराच्या ओट्यावरून गल्लीला ऐकू जाईल असं गरजले, आणि तिथंच सगळं चुकलं.

व्यंकटराव म्हणजे तहसील कचेरीतले हेडक्लार्क. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, आता कुठं स्वतःचं घर झालं, त्यामुळे त्यात कुणी खोट काढली की ते पिसाळायचे. घर स्वस्तात मिळालं होतं, कारण आधीचे मालक तात्यासाहेब मधल्या खोलीतल्या आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. खुर्ची घरासोबतच आली.

पहिल्याच दिवशी पद्मजाबाई मधल्या खोलीच्या दारात थबकल्या.

"अहो, इथं हिना अत्तराचा वास येतोय. खुर्चीपाशी."

"मला तर काही येत नाही!"

"तात्यासाहेब रोज हिना लावायचे. समोरच्या सरूबाई सांगत होत्या."

"खरेदीखतात अत्तराची नोंद नाही, सांग त्यांना!"

"थट्टा नको. पोळ्यापर्यंत बघते, नाहीतर मी चालले करमाडला, माहेरी." पद्मजाबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. घर राखायचं की बायको, असा पेच पडला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सुरू झालं! सुटीच्या दुपारी व्यंकटराव मधल्या खोलीत आडवे झाले की छातीवर कुणीतरी येऊन बसायचं. काळीज धडधडायचं, हातपाय गार पडायचे. खोलीत बारीक शिट्टी वाजायची, अगदी जवळून. कान देऊन ऐकायला त्यांनी श्वास रोखला की शिट्टीही थांबायची, जणू तीही त्यांचा कानोसा घेत होती. खुर्चीकडे बघायचा त्यांना धीर होत नसे. फार भ्यायले होते बिचारे, पण सांगणार कुणाला?

एका दुपारी ते किंचाळत उठले. सरूबाई मिरच्या-मोहऱ्या मुठीत घेऊनच धावत आल्या. त्यांनी ओवाळून सगळं चुलीत टाकलं आणि आतून ओरडल्या, "आला का वास?"

"नाही!"

"मिरच्या जळून कोळसा झाल्या, तरी नाय?"

"नाही म्हटलं ना!"

सरूबाईंनी कपाळाला हात लावला. "वासच नाय म्हंजे लई जड दृष्ट हाय, बाई! ऊद घालावा लागंल."

दारंखिडक्या बंद करून त्यांनी असा ऊद घातला की खोलीत माणूस दिसेना. व्यंकटरावांचं नाक ठार बंद झालं. छाती फुटते की काय असं झालं आणि कचेरीचे हेडक्लार्क भर उन्हात, गंजीफ्रॉकवर, "मला धरलंय!" असं ओरडत गल्लीतून पळत सुटले. लोकांनी पकडून थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकात पाहिलं. "हाड वाकडं, वर सूज. आडवं झालं की श्वास अडकतो. श्वास अडकला की छाती घाबरते, आणि छाती घाबरली की मन भूत शोधतं."

"आणि ती शिट्टी?"

"तुमच्याच नाकाची. वासही येत नसेल."

"कचेरीत राहून कुणाला वास येतो, डॉक्टर?"

मग वाफ, मिठाचं पाणी, औषध. पोळ्याच्या आदल्या दिवशी नाक असं उघडलं की शेजारच्या फोडणीचाही वास यायला लागला. छाती शांत, शिट्टी बंद. व्यंकटराव हर्षून गेले! त्यांनी पद्मजाबाईंना आणि सरूबाईंना साक्षीला बोलावलं आणि ऐटीत त्या आरामखुर्चीत बसले.

"बघा! भूत नव्हतं, नाक होतं!" असं म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

आणि तो सोडायचा विसरले.

हिना. आत्ता मनगटाला लावल्यासारखा ताजा, अगदी कानाशी. छाती मुळीच धडधडत नव्हती, हे तर आणखी वाईट. आता दोष कशाला द्यायचा?

सरूबाई हळूच दाराकडं सरकल्या. पद्मजाबाई मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत उभ्या होत्या.

"चहा ठेवू?" त्यांनी विचारलं. "दोनच कप, की तुम्ही कबूल केलेला तिसराही?"

व्यंकटराव अलगद उठले, खुर्चीला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी दारापर्यंत आले, आणि जन्मात कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "करमाडची गाडी किती वाजता असते गं?"