खमंगरावांची सरदारकी थालीपिठापायी गेली त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा समर्थ, जी भुकेल्यास भाकर देते आणि भरल्या पोटाच्या माणसास बोलावयास विषय देते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी कट्टा नामे राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो, ऐकिजे. हे राज्य भूमीवर नव्हे, फोनात वसे. तेथे कोट नाही, खंदक नाही, वेशीवर फक्त पासवर्ड पुसत. रयत बहुत गप्पिष्ट. कोणी खऱ्या नावे वावरत नसे आणि कोणी कोणाचे तोंड पाहिलेले नसे, तरी एकमेकांचे गुडघे, सुना आणि गच्चीची गळती यांची खबर सर्वांस असे. सकाळ जाहली की खमंगराव म्हणून मातब्बर सरदार दरबारी येत आणि लिहीत, "या मंडळी, थालीपीठ केलं आहे, वर लोणी आहे." मग गूळपोळी नामे दुसरे सरदार लिहीत, "दोन घेतली," आणि दुष्टसम्राट म्हणून तिसरे होते ते लिहीत, "माझं जरा कुरकुरीत ठेवा," आणि कोणाचेही पोट न भरता सर्वांस तृप्तीचे ढेकर येत. खमंगरावांचा दबदबा ऐसा की कोणाची आमटी बिघडली तर फिर्याद त्यांजपाशी, आणि ते देतील तो निवाडा.

आता आतली गोष्ट. खमंगराव म्हणजे देहाने निळकंठराव पोंक्षे, विम्याच्या कचेरीतून निवृत्त, आणि त्यांनी जन्मात तवा तापवला नव्हता. थालीपीठ करीत त्यांचे कुटुंब शरयूबाई. राव फोन घेऊन ओट्यापाशी उभे राहत आणि पुसत, "आज यात काय काय घातलंस?" आणि बाई हर्षे सांगत, आणि मग राव बैठकीत जाऊन तेच आपल्या नावे दरबारी रुजू करीत. कचेरीत असता ताटाकडे न पाहता जेवणारा पुरुष आता कोथिंबिरीची चौकशी करतो, ह्याचे बाईंस अपार कौतुक, आणि बहिणीस फोनवर सांगत, "यांचा स्वभावच बदलला गं." रावांस हे ऐकू येई आणि कानशिले तापत, परंतु सरदारकीची गोडी वाईट, काही केल्या सुटेना.

ऐशात दुष्टसम्राटांनी मसलत घातली की, लेखी थालीपीठ पुष्कळ खाल्ले, आता खमंगरावांच्या हातचे प्रत्यक्ष खावे. सर्वांनी अंगठे उंचावले आणि रविवारी स्वारी ठरली. रावांचे धाबे दणाणले. घर लहान म्हणून लिहिले, तो उत्तर आले की उभ्याने खाऊ. घरी पाहुणे म्हणून लिहिले, तो उत्तर आले की त्यांचीही ओळख होईल. मग बाईंस म्हणाले, "रविवारी मित्र यायचेत, तुला उगाच त्रास. बहिणीकडे जाऊन ये की." बाई म्हणाल्या, "मित्र येणार आणि मी जाऊ होय? लोक काय म्हणतील." सर्व वाटा बंद जाहल्या. तेव्हा रावांनी कपट रचिले आणि रविवारी सकाळी उजव्या हातास पट्टी गुंडाळून, हात मुरगळला म्हणून कण्हत बसले. बाईंनी चहा बशीत ओतून तोंडाशी धरिला, तो रावांनी खाली मान घालून घेतला.

मग स्वारी आली. गूळपोळी म्हणजे झुपकेदार मिशांचे निवृत्त फौजदार निघाले, आणि दुष्टसम्राट म्हणजे दाराबाहेर चपला नीट जोडून ठेवणाऱ्या एक मृदू शिक्षिका. रावांनी पट्टी दाखविली आणि मंडळी हळहळली, परंतु फौजदार म्हणाले, "त्यात काय, तुम्ही तोंडाने सांगा, वहिनी करतील." आणि शिक्षिका शरयूबाईंस म्हणाल्या, "घाबरू नका हं. त्यांच्यासारखं नाही जमलं तरी आम्ही गोड मानून घेऊ." बाईंनी एकदा शिक्षिकेकडे आणि एकदा पतीकडे पाहिले, आणि परात पुढे ओढिली. मग राव सांगते जाहले, भाजणी घे, कांदा घाल, तीळ घाल, ओवा चुरडून घाल, आणि मंडळी वाहवा करीत, आणि बाई घालीत. इतक्यात बाईंनी डबा उघडून शांतपणे पुसिले, "मीठ किती घालू?" राव गांगरले. मिठाचे त्यांनी कधी पुसिलेच नव्हते. तोंडातून निघून गेले, "रोज घालतेस तेवढंच घाल की."

 फौजदार जन्मभर कबुलीजबाब ऐकत आलेले, त्यांस आणखी पुरावा नको होता. ते खिडकीबाहेर पाहू लागले. बाई म्हणाल्या, "रोज विचारायचात, आज काय घातलंस. मला वाटलं, माझ्या हाताची चव कळायला लागली." आवाज चढला नाही, तेच वाईट. दरबारातली अब्रू गेली हे रावांस कळले, परंतु त्याचे दुःख वाटेना. बाईंच्या तोंडाकडे पाहवेना. मग पट्टी सोडीत म्हणाले, "कळली, म्हणून तर चोरली. लोक वाहवा करायला लागले आणि तुझं नाव सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

"नाही. मी सांगितलं नाही."

बाईंनी परात त्यांजपुढे सरकविली आणि म्हणाल्या, "हात बरा झालाय ना? मग थापा." मग रावांनी थापिले. पहिले तव्यास चिकटले ते उलथण्याने खरवडावे लागले, दुसऱ्याचे तीन तुकडे जाहले, आणि मंडळींनी बहुत लोणी लावून सर्व संपविले, आणि शिक्षिकेने जाताना बाईंचे दोन्ही हात धरून क्षमा मागितली.

दुसरे दिवशी सकाळी दरबारी एक नवे माणूस आले. नाव शरयू पोंक्षे, खऱ्या नावे त्या राज्यात आलेले पहिलेच. त्यांनी लिहिले, "आज थालीपीठ यांनी केलं आहे. कडेला करपलं आहे, मध्ये कच्चं आहे. तरी या." आणि रयतेने नेहमीप्रमाणे दोन दोन घेतली.

येणेप्रमाणे सरदारकी खालसा होऊन ज्यांची त्यांस पावली, आणि राज्य सुखी जाहले. राव रोज पहाटे भाजणी भिजवितात. अद्याप साधले नाही.