गोपनीय नोंदवहीचं पूजन

दिवाळीला आठ दिवस असताना अंबरनाथच्या मोजमाप व पडताळणी उपविभागात एक परिपत्रक आलं. विषय : सणासुदीच्या सुट्टीत कार्यालयात व घरी ऑनलाइन सुरक्षित राहणेबाबत. सुट्टीत माणूस फराळात गुंतलेला असतो आणि भामटे टपलेले असतात, सबब प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला पासवर्ड तात्काळ बदलावा. तो चौदा अक्षरी असावा. त्यात स्वतःचं नाव, गाव, जन्मसाल, मूलबाळ किंवा कुलदैवत यांपैकी काहीही नसावं. केलेल्या कार्यवाहीचा फोटो सुट्टी लागण्यापूर्वी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा.

वरिष्ठ लिपिक अंजनी म्हात्रे यांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि टाचणी लावून ठेवून दिलं. त्यांचं चित्त भाऊबीजेकडे होतं. चैत्रात त्यांच्या भावाच्या, हरेशच्या हृदयात डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा बसवल्या. तेव्हा इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून अंजनीताई बोलून गेल्या होत्या, की याला भाऊबीजेला ओवाळीन, तेव्हाच गोड तोंडात घालीन. देवाने आपली बाजू चोख सांभाळली. हरेश आता विठ्ठलवाडीला तीन जिने चढून घरी जात होता. उरली होती ती अंजनीताईंची बाजू. सात महिने चहा बिनसाखरेचा. गणपतीतले मोदक समोरून गेले, कोजागिरीचं दूध गेलं. प्रसादाचा पेढा त्या कपाळाला लावत आणि शेजारच्या टेबलावर देत. भाऊबीज हुकली असती, तर पुढची थेट वर्षाने.

इकडे तेवीस जणांनी तेवीस पासवर्ड बदलले. तिसऱ्या दिवशी त्यांतले सतरा जण ते विसरले. त्या दिवशी कार्यालय खऱ्या अर्थाने सुरक्षित झालं. चोराला आत जाता येत नव्हतं आणि कर्मचाऱ्यांनाही.

कार्यालय अधीक्षक बुधाजी भोईर यांनी तातडीची बैठक घेतली. विसरणं हाच मुळात सर्वांत मोठा धोका असून त्यावर सर्व पासवर्ड एका नोंदवहीत घेणं हाच उपाय आहे, असं ठरलं. संगणक सांभाळणारा राजरत्न मागच्या खुर्चीवरून हळूच म्हणाला, "साहेब, पासवर्ड लिहून ठेवायचा नसतो."

"आपण लिहून कुठे ठेवतोय?" भोईर साहेब म्हणाले. "आपण नोंद घेतोय."

नोंदवही भांडारातून मागवली असती तर होळीला आली असती. म्हणून अंजनीताई शेअर रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेल्या. बाजारात जीन्सचे ढीग, आकाशकंदील आणि माणसं यांतून वाट काढत त्या वह्यांच्या दुकानात पोहोचल्या. तिथे झाडून सगळ्या वह्या लाल कापडाच्या. साधं रजिस्टर मागितलं, तर शेठने त्यांच्याकडे कीव करून पाहिलं. "दीदी, दिवाली में दूसरा रंग कौन लेता है? लाल ले जाओ, बरकत होगी."

लाल वही आली. विसरलेले सतरा पासवर्ड राजरत्नने नव्याने करून दिले आणि सगळे ज्येष्ठता यादीप्रमाणे उतरवले गेले. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांत आधी कोणाचा, यावर अर्धा दिवस गेला. पहिल्या ओळीत अर्थातच भोईर साहेबांचा आला. वही झाली म्हटल्यावर तिला धारक हवा, आणि धारकाचा आदेशही त्याच संध्याकाळी निघाला. श्रीमती अंजनी म्हात्रे, गोपनीय नोंदवही धारक. वही कार्यालयाबाहेर नेऊ नये. पासवर्ड फोनवर सांगू नये. ज्यास आठवत नसेल त्याने ओळखपत्र घेऊन समक्ष यावे व दोन साक्षीदारांसमोर पाहावे. सबब धारकाने संपूर्ण सुट्टीत, भाऊबीज धरून, दहा ते सहा कार्यालयात हजर राहावे.

अंजनीताई आदेश घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच लहान, त्या दिवशी आणखी लहान झाला. "साहेब, विठ्ठलवाडी इथून दोन स्टेशनं. तासाभरात ओवाळून परत येते."

"प्रश्न अंतराचा नाही ताई, गोपनीयतेचा आहे. जोवर ही वही गोपनीय आहे, तोवर तुम्हाला जागचं हलता येणार नाही."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी तोडगाही सुचवला. भावाला इथेच बोलवा, अभ्यागतांच्या वहीत त्याची नोंद करू, अभिलेख कक्षात पाट मांडू. फक्त ताटात निरांजन नको, कारण तिथे ज्वाला चालत नाही. हरेशला फोनवर हे कळलं तेव्हा तो इतका हसला, की ताईंना त्याच्या स्प्रिंगांची काळजी वाटली. "ताई, टेन्शन नको घेऊस. मी येतो. मोबाइलचा टॉर्च फिरव माझ्याभोवती." ताई म्हणाल्या, की टॉर्च तुला चालेल रे, पण मी शब्द तुला दिलेला नाही.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दुपारी कार्यालयात रीतीप्रमाणे लक्ष्मीपूजन मांडलं. पाटावर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे गोल शिक्का, स्टेपलर, संगणकाचा माऊस, सगळ्यांना झेंडूचं एकेक फूल. मधोमध लाल वही. पूजा सांगायला दरवर्षी अंजनीताईच. दिवाळीत पाटावरची लाल वही कोणी मिटून ठेवत नाही, तशी त्यांनीही ठेवली नाही. पहिलं पान उघडलं, वर श्री काढला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. हात सवयीने चालत होते आणि ओठांवर स्तोत्र होतं. तेविसांनी हात जोडले. एकाच्याही मनात शंका आली नाही.

मग भोईर साहेबांना परिपत्रकातला फोटो आठवला. राजरत्नने मोबाइल धरला, आणि खाली घेतला. "साहेब, पान दिसतंय."

"दिसायलाच हवं. नाहीतर कोरी वही पुजली असा शेरा येतो."

फोटो गेला. इतर सर्व कार्यालयांनी फलक धरून ओळीत उभ्या राहिलेल्या माणसांचे फोटो पाठवले होते. प्रत्यक्ष कार्यवाही दिसत होती ती एका अंबरनाथच्या फोटोत. वरिष्ठ कार्यालय भारावून गेलं. पाडव्याच्या सकाळी तो फोटो विभागाच्या संकेतस्थळावर 'उत्कृष्ट कार्यवाही' म्हणून पहिल्याच पानावर झळकला. बावीस पासवर्ड लख्ख वाचता येत होते. भोईर साहेबांचा शेवटचा आकडा तेवढा कुंकवाखाली सुरक्षित होता.

अंजनीताई तेव्हा अभिलेख कक्षात एकट्या बसल्या होत्या. राजरत्नचा फोन आल्यावर आधी त्यांना रडू आलं. आपल्याच हाताने पान उघडलं होतं. मग डोळे पुसून त्यांनी आदेश पुन्हा वाचला, आणि नोकरीच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एका आदेशात देव दिसला. त्यांनी अर्ज लिहिला : नोंदवही यापुढे गोपनीय राहिली नसल्याने तीस धारकाची आवश्यकता उरत नाही. ज्यांना पासवर्ड आठवत नसेल त्यांनी तो घरबसल्या संकेतस्थळावर पाहावा.

भोईर साहेबांनी तो फोनवर दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "अर्ज नियमात आहे ताई. जा तुम्ही."

चोरी मात्र झाली नाही. पुढे झालेल्या चौकशीचा निष्कर्ष असा, की इतकं उघड ठेवलेलं पाहून भामट्यांना तो सापळा वाटला असावा. या पद्धतीला 'पारदर्शक गोपनीयता' असं नाव मिळालं असून ती अन्य कार्यालयांतही राबवण्याचं विचाराधीन आहे.

भाऊबीजेला विठ्ठलवाडीत रांगोळी पडली, पाट मांडला गेला. खऱ्या निरांजनाने ताईंनी हरेशला ओवाळलं, आणि त्याच्या हातून करंजी सात महिन्यांनी तोंडात घातली. ताई डोळे मिटून खात होत्या. तोवर वहीची गोष्ट हरेशनेच बायकोला, जिज्ञासाला सांगितली. ती हसून हसून भिंतीला टेकली. "बाई गं, असं उघड्यावर कोणी लिहितं का?"

मग तिने दोघा बहीणभावांना त्याच भिंतीपुढे उभं करून फोटो काढला आणि लगोलग स्टेटसला ठेवला. ताईंनी करंजी गिळता गिळता फोटो पाहिला. मागे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. एकादशीला लाल गोल, सिलिंडर आल्याची तारीख, दुधाचे खाडे, आणि खाली कोपऱ्यात निळ्या पेनाने : वायफाय अमुक, मोबाइल तमुक, बँकेचा पिन इतका. त्यांनी ते दाखवल्यावर जिज्ञासाचं हसू थांबलं आणि स्टेटस उतरलं. तोवर ते चाळीस जणांनी पाहून झालं होतं.

त्या चाळिसांत तुम्ही नव्हतात, हे ठाऊक आहे. तुम्ही आपले इथे बसून हसत होतात. असो. तुमच्या औक्षणाचा फोटोही छान आलाय. मागचं कॅलेंडर जरासं अस्पष्ट आहे, पण दोन बोटांनी मोठं केलं की वाचता येतं.