आठ पॉइंट तीन

विलास प्रभुघाटे संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून आला, तो बूटही न काढता थेट हॉलमधल्या माशांच्या टाकीपाशी गेला. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात मोजून थेंब टाकले, नळी उजेडात धरली आणि मटकन सोफ्यावर बसला.

“सात पॉइंट आठ,” तो म्हणाला.

“पाहिजे किती?” वासंतीने विचारलं. तिचा पदर कमरेला खोचलेला होता, चेहरा लालबुंद झाला होता आणि ती एसीच्या झोतासमोर उभी राहून घाम पुसत होती.

“आठ पॉइंट तीन.”

“मग अर्ध्याचाच तर फरक आहे.”

“अगं, समुद्राच्या पीएचमध्ये अर्ध्याचा फरक पडला तर जग बुडेल!”

“बुडू दे. आधी बूट काढा.”

खरा समुद्र त्यांच्या अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर होता. फुकट होता आणि त्याला औषधपाणी लागत नव्हतं. तरीही या गृहस्थाने हॉलमध्ये दोनशे लिटरचा वेगळा समुद्र मांडला, आता याला काय म्हणावं! त्यात आजवर तीन प्रवाळं आणली, तिन्ही पांढरी पडून मेली. चौथं होतं हिरव्या फांद्यांचं. साडेचारशे दिरहम, म्हणजे दहा हजार रुपये, हा हिशेब वासंतीने पिशवी उघडायच्या आत करून दाखवला होता.

“हे झाड गेलं की टाकी खलास,” तिने तेव्हाच बजावलं होतं. “त्या कोपऱ्यात माझी हार्मोनियम येईल.”

“झाड नाही, प्राणी आहे तो.”

“प्राणी आहे तर हलत का नाही?”

 त्या न हलणाऱ्या प्राण्यावर विलासचा जीव होता. सकाळी त्याच्या फांद्यांवर बारीक लव उभी राहिलेली दिसली की विलासचा दिवस चांगला जायचा. प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला पाण्यात कॅल्शियम लागतं, अल्कलिनिटी लागते आणि पीएच वर असावा लागतो. ही तिन्ही एका घरातल्या तीन जावांसारखी असतात, एकीचं कौतुक केलं की दुसरी रुसलीच. विलास रोज तिघींची मनधरणी करत होता.

त्याने दुकानदार हारुनला फोन लावला.

“पीएच गिरा है तो बफर डालो, विलासभाई. टेन्शन नहीं लेने का, हबीबी.”

विलासने बफरची, म्हणजे पीएच चढवणारी, पूड टाकली. सकाळी पीएच ठीक. संध्याकाळी पुन्हा सात पॉइंट आठ. मग दोन चमचे, मग तीन.

“शाम को तो बढ़ना चाहिए,” हारुन चक्रावला. “दिनभर लाइट में पीएच चढ़ता है. आपका पानी उल्टा चलता है क्या?”

“माझं नशीबच उलटं चालतं,” विलास म्हणाला, ते हारुनला कळलं नाही.

आठव्या दिवशी बफरमुळे अल्कलिनिटी नको तितकी चढली आणि प्रवाळाची टोकं पांढरी दिसायला लागली. विलासने पुन्हा हारुनला फोन लावला. हारुन म्हणाला, अब कॅल्शियम डालो. घाबरलेल्या माणसाने हळूहळू टाकायचं ते सगळं एकदम ओतलं. दोन मिनिटांत टाकीतल्या पाण्याचं ताक झालं. मासे दिसेनात, प्रवाळ दिसेना, मागची भिंतही दिसेना.

“अहो, ह्यात कोथिंबीर टाकू का?” वासंतीने विचारलं.

विलास चिडलासुद्धा नाही. तो नुसता टाकीसमोर बसून राहिला. त्याला खरंच रडू येत होतं. अबू धाबीतल्या चौदा वर्षांत त्याने एवढे पूल, एवढे रस्ते तपासले, कधी काही खचलं नाही, आणि घरातली दोनशे लिटरची टाकी मात्र त्याच्या हाताखाली मरत होती.

त्यात परेशचा फोन. परेश आणि त्याची बायको अनुराधा त्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे. त्याने विलासचं पाहूनच टाकी घेतली होती.

“माझा तर आठ पॉइंट तीनवरून हलतच नाही रे,” परेश म्हणाला. “काही टाकत पण नाही मी. तू जरा धसमुसळाच आहेस.”

पाणी निवळायला तीन दिवस गेले. प्रवाळ अर्धं पांढरं, अर्धं हिरवं होतं. वासंतीने टेप आणून कोपरा मोजून घेतला.

शोध लावला तो मिहिकाने. दहावीतली ही त्यांची मुलगी फ्रिजमधून दही काढताना दारावर चिकटवलेल्या बाबांच्या पीएचच्या तक्त्याकडे बघत राहिली.

“बाबा, ओन्ली टू गुड इव्हनिंग्ज. लास्ट मंडे अँड ट्यूसडे.”

“मग?”

“अनुराधा आंटी वॉज सिक. नो प्रॅक्टिस.”

विलासच्या डोक्यात उजेड पडला. महाराष्ट्र मंडळाच्या मंगळागौरीच्या स्पर्धेची प्रॅक्टिस! गेले तीन आठवडे रोज पाच ते सात, याच हॉलमध्ये, वासंती धरून नऊ बायका झिम्मा-फुगड्या घालत होत्या. बाहेर ऑगस्टचं चव्वेचाळीस डिग्री. सगळ्या खिडक्या बंद, एसी चालू.

“एव्हरीवन इज पँटिंग. सगळा कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो, इट बिकम्स अ‍ॅसिड,” मिहिका दही खात म्हणाली. “ग्रेड नाइन केमिस्ट्री, बाबा.”

दुसऱ्या दिवशी विलास लवकर घरी आला. नऊ जणींसमोर उभा राहून त्याने हा शोध सांगितला.

“म्हणजे आम्ही श्वास घ्यायचा नाही?” वासंतीने विचारलं.

“घ्या ना. सोडू नका फार.”

हे बोलायला नको होतं. मग त्याने घाईघाईने बाल्कनीचं सरकतं दार उघडलं. वाफेचा लोट आत आला. अनुराधाचा चष्मा पांढरा झाला.

“अहो विलासराव, फुगडी घालायची की वाफ घ्यायची?” ती ओरडली. “यल्ला गं, चला आमच्याकडे. आमचाही हॉल मोठा आहे!”

नऊ जणी उठल्या आणि दोन मजले खाली गेल्या. पुढचे चार दिवस विलाससाठी सणाचे होते. आठ पॉइंट तीन. रोज आठ पॉइंट तीन! पाचव्या दिवशी हिरव्या फांद्यांवर लव दिसली. वासंतीनेसुद्धा वाकून पाहिलं आणि म्हणाली, “जगलं हो तुमचं झाड.” तिने टेप ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

इतक्यात फोन वाजला.

“विलास, अरे काय करू?” परेशचा आवाज कापत होता. “सात पॉइंट आठ. चार दिवस झाले. अनुराधा म्हणते, एक जरी प्रवाळ मेलं तरी टाकी बाहेर. तू काय टाकलंस रे?”

विलासने टाकीकडे पाहिलं. अनुराधाने परेशला कारण सांगितलेलं दिसत नव्हतं. खरं सांगितलं तर त्या नऊ जणी कुठे जाणार, हे सांगायला केमिस्ट्री लागत नव्हती.

“बफर,” तो म्हणाला. “बफर टाकून बघ.”

सोफ्यावरून मिहिका मान वर न करता म्हणाली, “बाबा, दॅट्स सो मीन.”

“टाकतो,” परेश म्हणाला. “तू सांगतोयस म्हणून टाकतो हां. मी तुला उगाच बोललो रे त्या दिवशी. किती चमचे? तीन टाकू?”

विलासने डोळे मिटले. त्याला ते ताक दिसलं. त्यात हरवलेले मासे दिसले.

“थांब, परेश. काही टाकू नकोस,” तो म्हणाला, आणि त्याने सगळं खरं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी विलास साडेसहालाच घरी आला, तेव्हा दाराबाहेर चपलांचे नऊ जोड होते. आतून झिम्म्याच्या टाळ्या ऐकू येत होत्या. आठ जोड बायकांचे, नववा परेशचा होता. तो टाकीपाशी उभा होता, हातात विलासचीच नळी होती, आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“ये, ये, बघ,” तो म्हणाला. “सात पॉइंट आठ! तू म्हणालास ते अगदी खरं निघालं रे.”