कपाळ बघून कॉलेज

तलवाड्याच्या बाजारात पंचाक्षरी अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानात दोन गोष्टी पारखल्या जातात. एक पातेली आणि दुसरी माणसं! पातेलं अप्पा टिचकी मारून पारखतात. माणूस कपाळ बघून.

लग्नकार्याला मोठे हंडे लागले की आसपासची दहा गावं अप्पांकडं येतात. अप्पा आधी तारीख विचारत नाहीत, कपाळ बघतात. भस्माच्या तीन रेघा सरळ असल्या तर माणूस सरळ, हंडा घेऊन जा! रेघा वाकड्या असल्या तर हंडा पोचे पडून परत येणार. आणि कपाळ मोकळंच असलं तर? तर अप्पा दहा-बारा टांगलेल्या हंड्यांच्या बरोबर खाली उभे राहून सांगतात, "हंडा शिल्लक न्हाई!"

मागच्या साली एक गृहस्थ देवळातल्या पुजाऱ्यासारखं कपाळ घेऊन आले आणि सगळ्यात मोठा हंडा नेला. तो हंडा अजून लग्नातच आहे! पण अप्पांचा विश्वास ढळला नाही. "रेघा सरळच होत्या," ते म्हणाले, "माणूस मागून वाकडा झाला."

अशा अप्पांची लेक ईश्वरी बारावी झाली. चांगले मार्क पडले आणि पोरगी म्हणाली, "मला सिव्हिल इंजिनीअर व्हायचंय." हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. लहानपणी ती दुकानातल्या डब्यांचे छतापर्यंत मनोरे रचायची आणि गिऱ्हाइकानं बरोबर मधलाच डबा मागितला तरी मनोरा न पाडता काढून द्यायची!

"व्हय की इंजिनीअर," अप्पा म्हणाले, "पण कॉलेज आपल्या समाजाचं पायजे. घरचं वळण मोडायचं न्हाई."

समाजाचं कॉलेज म्हणजे बीडचं. त्याचे एक विश्वस्त होते विश्वेश्वरराव, अप्पांचे मेहुणे, कापडाचे व्यापारी. माणूस असा, की मीटरमागं चार बोटं कापड कमी आणि बोलण्यामागं एक टोमणा जादा, हमखास! त्यांनी दाजींना आणि भाचीला हौसेनं कॉलेज दाखवलं. कॉलेज तिसऱ्या मजल्यावर, खाली मंगल कार्यालय. तिथं सिव्हिल नव्हतं, बी.कॉम. होतं. वसतिगृह नव्हतं, जिना होता. अर्थशास्त्राचा तास चालू असताना खालून मंगलाष्टकं येत होती आणि 'सावधान' म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं जागी होत होती!

"मामा, मैदान कुठं हाय?" ईश्वरीनं विचारलं.

"खाली लग्न नसलं की तेच मैदान!"

अप्पांची अडचण निराळीच होती. पोरांचे केस असे डोळ्यांवर आलेले, की कपाळच दिसेना. पारखायचं काय? तरी ते म्हणाले, "समाजाचं हाय, बास झालं." ईश्वरीचं तोंड चेपलेल्या जर्मनच्या डब्यासारखं झालं.

पण पोरगी अप्पांचीच. तिनं रडारड केली नाही, सरळ आजीला गाठलं. "आज्जी, परळीला एक कॉलेज हाय. तिथं सिव्हिल हाय, पोरींचं वसतिगृह हाय. सोमवारी जाऊ. वैद्यनाथाचं दर्शनबी व्हईल."

शिवम्मा, म्हणजे अप्पांच्या आई. त्यांनी एकदा 'जायचं' म्हटलं की अप्पांच्या हातात फक्त तिकीट काढणं उरतं.

दर्शन झालं आणि रिक्षा गावाबाहेरच्या कॉलेजात शिरली. काय ते आवार! दुतर्फा कडुनिंब, पलीकडं मोकळं मैदान, वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ओढण्या. ईश्वरी बघतच राहिली.

"झाडं काय, आपल्या बांधावरबी हायेत," अप्पा म्हणाले. "माणसं कशी हायेत ते बगू."

तेवढ्यात समोरच्या पत्र्याच्या शेडमधून पोरापोरींचा घोळका बाहेर आला आणि अप्पांचे पाय जागीच थांबले. कपाळं! एकूण एक कपाळावर भस्माच्या तीन-तीन रेघा! पोरांच्या कपाळावर, पोरींच्या कपाळावर, हातगाडी ओढणाऱ्या शिपायाच्या कपाळावर! तीन बोटांनी ओढलेल्या, अगदी ताज्या. अप्पांच्या हयातीत इतके हंडे देण्यालायक लोक एका जागी जमले नव्हते!

शिवम्मांना गहिवरून आलं. त्यांनी पुढच्या पोराला धरलं. त्याचं नाव युवराज.

"कदीपासून लावतोस रे बाळा?"

युवराजनं कपाळाला हात लावून बघितला. "लावायचं काय आज्जी, इथं आलं की आपोआप लागतंय."

"आपोआप!" शिवम्मांनी अप्पांकडं बघितलं. "ऐकलंस?"

"आन घरचे काय म्हणतेत?" त्यांनी युवराजला विचारलं.

"आई म्हणती धुऊन येत जा. पर सोमवारचं लई गच्च बसतंय, निघत न्हाई!"

"सोमवारचं!" शिवम्मांनी त्याची अलाबला घेतली.

ईश्वरीनं एव्हाना शेडमध्ये डोकावून बघितलं होतं. आत करड्या राखेचा ढीग होता, विटांचे साचे होते आणि एक पोरगा राखेच्याच हातानं, तीन बोटांनी, कपाळावरचा घाम निपटत होता. तिनं ओढणी तोंडात कोंबली. खांदे हलायला लागले. अप्पांना वाटलं, लेक भारावली!

मग प्राचार्य मॅडम शेडमधूनच बाहेर आल्या. डोक्यावरून ओढणी, अंगात एप्रन आणि कपाळावर तीन रेघा, त्याही डावीकडून उजवीकडं अशा सरळ, जणू फूटपट्टी लावून ओढलेल्या.

"शरणार्थ!" अप्पांनी कमरेत वाकून आपल्या समाजाचा नमस्कार केला.

"नमस्कार, या ना," मॅडम म्हणाल्या. "वसतिगृह बघितलंत?"

"बगायचं काय त्यात! कपाळं बगितली." आणि अप्पांनी तिथल्या तिथं प्रवेश घेऊन टाकला.

इथं थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण परतीच्या एसटीत अप्पांना खिडकीची जागा मिळाली आणि मोबाईलला रेंज मिळाली. समाजाच्या ग्रुपवर त्यांनी टाकलं: 'ईश्वरीचा परळीस प्रवेश घेतला. तेथे सर्व पोरे-पोरी त्रिपुंड्र लावून शिकतात. काहींच्या कॉलेजात कपाळ शोधावे लागते.'

आता हे 'काही' कोण, ते ग्रुपवरच्या सगळ्यांना कळलं. विश्वेश्वररावांना सगळ्यांच्या आधी! रात्रीच फोन आला.

"दाजी, असलं कॉलेज असंल तर त्या प्राचार्य बाईंचा सत्कार कराया पायजे. गुरुवारी जाऊ. शाल माझ्या दुकानातली!"

"जाऊच!" अप्पा गरजले.

ईश्वरी घाईघाईनं पुढं आली. "अप्पा, सत्कार दिवाळीत करू की. आता कावून गडबड?"

"चांगल्या कामाला उशीर कावून?" अप्पा म्हणाले.

गुरुवारी जीप भरली. अप्पा, शिवम्मा, ईश्वरी, विश्वेश्वरराव, समाजाची चार वजनदार मंडळी, नारळ आणि शाल. पांढरीशुभ्र धोतरं, इस्त्रीचे सदरे. जीप फाटकातून आत शिरली, पोरं समोरून आली आणि अप्पांनी अभिमानानं हात पुढं केला, "बगा!"

सगळ्यांनी बघितलं. कपाळं स्वच्छ! घासलेल्या ताटासारखी लख्ख! औषधालासुद्धा एक रेघ नाही!

"कुटं हाय त्रिपुंड्र, दाजी?" विश्वेश्वररावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

अप्पांना युवराज दिसला. त्यांनी त्याचा दंडच धरला. "काय रे, कपाळ मोकळं कावून आज?"

"आज प्रॅक्टिकल न्हाई ना काका, ते सोमवारी दिवसभर. आज नुस्ती थिअरी."

"भक्तीचं प्रॅक्टिकल असतंय व्हय?" विश्वेश्वररावांना उकळ्या फुटायला लागल्या.

"भक्तीचं न्हाई, विटाचं! वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाडतो आमी. घाम पुसला की कपाळाला लागतीया." आणि त्यानं तीन बोटं कपाळावरून ओढून दाखवली. अगदी अप्पा रोज पूजेला ओढतात तशी!

अप्पांचा चेहरा तळ गेलेल्या पातेल्यासारखा झाला. तेवढ्यात प्राचार्य मॅडम आल्या. विश्वेश्वरराव हात जोडून, गोड हसून म्हणाले, "बाई, सत्काराला आलोत. आपलं शुभनाव?"

"मेहेरुन्निसा काझी. सत्कार? कशाबद्दल?"

वजनदार मंडळी अप्पांकडं बघायला लागली. अप्पा नारळाकडं बघायला लागले. नारळाला बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर त्यालाच पुढं केलं असतं!

"अजून येळ गेली न्हाई दाजी," विश्वेश्वरराव कानाशी आले. कान अप्पांचा, पण आवाज सगळ्यांसाठी. "आज संध्याकाळपत्तोर प्रवेश रद्द करता येतोय. आमी भाचीची जागा ठिवलीया. समाजाचं कॉलेज, वळखीची माणसं. आन गावाला काय सांगायचं ते मी सांगतो की!"

ईश्वरी जीपच्या दाराला धरून उभी होती. फक्त अप्पांकडं बघत होती, लहानपणी मनोऱ्यातला मधला डबा ओढताना बघायची तशी.

आणि नेमका त्याच वेळी राखेचा ट्रक आला! शेडपाशी उलटा लागला, ड्रायव्हरनं मागचा फाळका सोडला, वाऱ्यानंही मुहूर्त साधला आणि एक करडा लोट समाजाच्या अंगावरून गेला! धोतरं, सदरे, नारळ, शाल, प्राचार्य, विश्वस्त, सगळं एका रंगाचं! खोकला थांबल्यावर मंडळींनी डोळे उघडले आणि सवयीनं कपाळावरचा घाम निपटला. तीन बोटांनी!

एकमेकांकडं बघून आधी युवराज हसला. मग काझी मॅडम हसल्या. मग शिवम्मा अशा हसल्या, की त्यांना जीपच्या पायरीवर बसवावं लागलं.

"माफ करा आज्जी," मॅडम पाणी घेऊन आल्या. "घ्या, दोन घोट."

"नगं बाई. सत्काराच्या गडबडीत पूजा राहिलीया. लिंगपूजा झाल्याबिगर पाणी घेत न्हाई मी."

"मला माहीत आहे. वसतिगृहात तुमच्या समाजाच्या दोन पोरी आहेत. त्यांची पूजा आटपेपर्यंत सकाळच्या चहाची घंटा देऊ नका, असं मी मेसवाल्याला सांगून ठेवलंय. तुम्ही त्यांच्याच खोलीत बसा ना, पूजा करून घ्या."

शिवम्मांनी मान डोलावली. मग विश्वेश्वररावांकडं वळल्या. "तुमच्या कॉलेजात घंटा कुणाला इचारून देता वो?"

"आमच्याकडं... खाली बँड असतोय," विश्वेश्वरराव पुटपुटले.

"पर अव्वा, ती राख हाय!" अप्पा आईला कळवळून म्हणाले.

"मंग इभूत काय दह्याची असती व्हय?" शिवम्मा उठल्या. "मी पूजेला चालले. पोरीचं काय ते ठरीव."

अप्पांनी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या. प्रवेश रद्द करायचा, म्हणजे राख आणि इभूत यातला फरक कळला नाही, हे कबूल करायचं. तेही विश्वेश्वररावांच्या तोंडून गावभर! मग उद्या हंडा कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे अप्पांचं ऐकणार कोण? त्यांनी पुन्हा लेकीकडं बघितलं. ती अजून जीपचं दार धरूनच उभी होती. अप्पांनी घसा साफ केला.

"रद्द? कावून रद्द? मला पहिल्यापासून म्हाईत होतं!"

"राख हाय म्हणून?" विश्वेश्वररावांनी विचारलं.

"सगळं! त्याबिगर का सत्काराला आलो? आणा ती शाल!"

शाल झटकली तेव्हा आणखी एक लोट उठला. ईश्वरीनं भर आवारात अप्पांच्या गळ्यात हात टाकले, त्यामुळं त्यांचा सदरा जिथं चुकून पांढरा राहिला होता तिथंही करडा झाला. शिवम्मा पूजा करून बाहेर आल्या आणि प्रसादाचा पहिला फुटाणा त्यांनी काझी मॅडमच्या हातावर ठेवला. येताना दारात राखेचा आणखी एक झोत त्यांच्याही कपाळाला लागला होता, पण त्यांनी पुसला नाही. मग सत्कार झाला. युवराजनं अप्पांच्याच मोबाईलवर फोटो काढायचं ठरलं. अप्पा सत्काराचे यजमान! ते तेवढ्यात नळावर जाऊन साबण लावून तोंड खसाखसा धुऊन आले. बाकीचे तसेच उभे राहिले.

फोटो ग्रुपवर गेला. या वेळी अप्पांनी खाली एक अक्षर लिहिलं नाही.

जीप परळीबाहेर पडली, तोवर ग्रुपवरच्या, नेकनूरच्या मृत्युंजय शेट्टींचा फोन आला. अप्पांनी मोठ्या उत्साहानं स्पीकरवर टाकला.

"शरणार्थ अप्पा! फोटो बगितला. काय कॉलेज हाय वो! विश्वेश्वररावांचं कपाळ बगा, अव्वांचं बगा, त्या प्राचार्य बाईंचं तर किती झकास! आमच्या पोरीलाबी तितंच घालतो. फक्त एक इचारू का?"

"इचारा की!"

"येवढ्या माणसात तुमचंच कपाळ मोकळं कावून? असल्या कपाळाला तुमी तरी हंडा दिला असता का?"

जीपमध्ये कोणी हसलं नाही. सगळे खिडकीबाहेर बघत होते आणि जीप मात्र हलत होती!

"ह्यॅलो? ह्यॅलो? आवाज येत न्हाई," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

शिवम्मांनी आपल्या कपाळावरची राख तीन बोटांना लावली आणि लेकाच्या कपाळावर डावीकडून उजवीकडं ओढली.

"घे," त्या म्हणाल्या. "आता न्हे हंडा."